सोडता न येणारा हक्क

सामाजिक विषमतेचा विचार करताना बहुतेक वेळा मोजमापापासून सुरुवात होते. कोणाकडे किती जमीन आहे, कोणाला किती धान्य मिळते, कोणाचा मुलगा किती शिकतो, असे प्रश्न विचारले जातात आणि त्यांच्या उत्तरांतील अंतर म्हणजे विषमता, असे मानले जाते. हे मोजमाप आवश्यकच आहे, परंतु मराठी मुलखातील गावगाड्याला ते लावून पाहिले की एक अडचण उभी राहते. या व्यवस्थेत सर्वांत खालच्या पायरीवर असलेल्या माणसाला काहीच हक्क नव्हते, असे म्हणता येत नाही. त्याच्या नावावर हक्कांची भली मोठी यादी होती, त्यांची परंपरेने मोजलेली संख्या बावन्न होती, आणि ते बेदरच्या बादशहाने सनद देऊन बहाल केले होते, अशी आख्यायिकाही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती. विसाव्या शतकात मात्र याच लोकांच्या सर्वांत मोठ्या नेत्याने हे हक्क वाढवून मागण्याऐवजी ते काढून घ्या, अशी मागणी कायदेमंडळात केली. हक्क नको म्हणून झालेल्या या लढ्याचा अर्थ लावायचा, तर विषमता आणि न्याय या दोन्ही कल्पना बारकाईने तपासाव्या लागतात.

वतन म्हणजे वंशपरंपरेने चालत आलेले काम आणि त्या कामाबद्दल मिळणारे उत्पन्न व मान यांचा एकत्रित गठ्ठा. पाटील आणि कुलकर्णी हे गावचे वतनदार अधिकारी होते; त्यांच्या खालोखाल सुतार, लोहार, कुंभार, चांभार, न्हावी, परीट, गुरव, जोशी, महार, मांग इत्यादी बलुतेदार होते. पिकाच्या हंगामात शेतकऱ्याने बलुतेदाराला दिलेला धान्याचा ठरावीक वाटा म्हणजे बलुते, आणि वर्षभर गावाला लागेल ती सेवा देणे हे त्याच्या बदल्यातले कर्तव्य. बलुतेदारांची संख्या बारा असे म्हणण्याचा प्रघात असला, तरी प्रत्यक्षात ही यादी मुलखागणिक बदलत असे आणि बारा हा आकडा बराचसा बोलण्यातलाच होता. बलुतेदारांच्या तीन ओळी मानल्या जात. थोरल्या ओळीला धान्याचा मोठा वाटा, मधलीला त्याहून कमी आणि धाकटीला सर्वांत कमी, असा हिशेब असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात या सगळ्या व्यवहाराचे जे वर्णन केले आहे, ते आजही या विषयाच्या अभ्यासाचा पाया मानले जाते. वतनदारीने गावाची कामे होण्यापेक्षा बिघडतात कशी, याकडेही आत्रे यांची नजर होती, हे त्यांचे वेगळेपण.

या तीन ओळींत एक लक्षणीय गोष्ट दडलेली आहे. महार हा बलुतेदार सर्वसाधारणपणे थोरल्या ओळीत गणला जाई, तर पूजाअर्चा करणारा गुरव आणि पंचांग सांगणारा भट हे पुष्कळ ठिकाणी धाकट्या ओळीत असत. म्हणजे केवळ धान्याच्या वाट्यावरून गावाची उतरंड लावायची झाली, तर ती प्रत्यक्षातल्या उतरंडीच्या जवळजवळ उलटी दिसेल. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी वर्ग आणि दर्जा यांत जो भेद केला, तो येथे उपयोगी पडतो. बाजारात आणि उत्पादनात माणसाला ज्या संधी मिळतात त्यांवरून त्याचा वर्ग ठरतो. समाज त्याला जो मान देतो किंवा नाकारतो, त्यावरून त्याचा दर्जा ठरतो. या दोन्ही गोष्टी बहुधा एकत्र चालतात, पण त्या एकच नसतात. महाराच्या वाट्याला आलेले धान्य कामाच्या ओझ्याच्या मानाने ठरले होते, आणि त्याचा दर्जा मात्र जन्माने आधीच ठरून गेलेला होता.

दर्जा ही काही हवेतली गोष्ट नव्हती. ती मिळकतीसारखी धरून ठेवता येत होती. पोळ्याच्या दिवशी कोणाचे बैल पुढे चालायचे, होळीची पहिली पोळी कोणाची, विडा आधी कोणाला द्यायचा, हे सारे पाटीलकीच्या वतनाचे मानपान होते आणि जमिनीच्या बरोबरीने त्यांची वाटणी होत असे. पाटीलकीचा अर्धा हिस्सा विकला गेला, तर कोणता मान विकणाऱ्याकडे राहील आणि कोणता घेणाऱ्याकडे जाईल, याच्या नोंदी कागदपत्रांत होत. या मानापायी भाऊबंदांत पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालले आणि ते थेट सरकारदरबारापर्यंत गेले. आजच्या वाचकाला पोळीसाठी केलेला कज्जा हास्यास्पद वाटेल, परंतु ज्या समाजात मान हीच पत असते आणि पत हीच जमीन, कर्ज व सोयरीक यांची किल्ली असते, तेथे तो कज्जा पूर्णपणे व्यवहारी होता.

महाराच्या वतनात याच्या नेमके उलटे घडत होते. त्याच्याकडे सोपवलेली कामे गावाला अत्यंत गरजेची होती. वेशीची राखण करणे, चावडी झाडणे, सरकारी वसुलीचा पैसा तालुक्याच्या खजिन्यात पोहोचवणे, अंमलदाराच्या पुढे चालून वाट दाखवणे, त्याच्या घोड्याची व्यवस्था पाहणे, मरणाची बातमी परगावच्या सोयऱ्यांना कळवणे, मेलेली जनावरे ओढून नेणे आणि गावची शीव सांगणे, ही सारी कामे त्याचीच. शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष महत्त्वाची मानली जाई, कारण कोणत्या दगडापासून कोणत्या झाडापर्यंत गावाची हद्द जाते, हे पिढीजात ठाऊक असणारा माणूस तोच असे. ज्याचा स्पर्श चालत नव्हता त्याचा शब्द चालत होता, ही विसंगती गावाला कधी खटकली नाही. अडाणीपणामुळे माणसे खाली राहतात, असे सोपे स्पष्टीकरण देणाऱ्यांनी या शिवेच्या साक्षीकडे जरूर पाहावे.

या कामांचा मोबदला हाती कसा पडत होता, हे पाहिले की हक्क या कल्पनेचे दुसरे अंग दिसू लागते. मळणीच्या वेळी खळ्याच्या मध्यभागी रोवलेल्या तिवड्याभोवती बैल फिरत, धान्य वाऱ्यावर धरून स्वच्छ होई, रास पडे आणि मग बलुतेदार आपापला वाटा घेण्यास जमत. रास उचलल्यावर तिवड्याच्या बुडाशी आणि खळ्याच्या कडेला माती-खड्यांत मिसळून राहिलेले मातेरे हा महाराचा हक्क होता. जमिनीतल्या पेवातून धान्य काढले, की तळाशी ओल लागून खराब झालेला थर त्याचा. प्रेतावर घातलेले कापड त्याचे. मेलेल्या गुराचे मांस आणि पुष्कळ ठिकाणी कातडेही त्याचे. संध्याकाळी येसकराच्या, म्हणजे वेशीच्या राखणीच्या, पाळीवर असलेल्या माणसाने घुंगराची काठी घेऊन घरोघरी जावे, अंगणाबाहेर उभे राहून जोहार घालावा आणि वरून टाकलेली शिळी-ताजी भाकरी झोळीत घ्यावी, हाही हक्कच होता. यादीतील एकेक बाब उचलून पाहिली, तर तीत एक सूत्र दिसते: दुसऱ्याने वापरून सोडलेले, खाली पडलेले, नासलेले किंवा मेलेले जे काही असेल ते या वतनदाराचे. वस्तूची किंमत कमी होती एवढेच नव्हते, तर ती स्वीकारण्याच्या कृतीतूनच घेणाऱ्याचा दर्जा रोज नव्याने शाबीत होत होता. दिलेला मोबदला हाच दर्जाचा पुरावा ठरेल, अशी ही रचना होती.

अशा व्यवस्थेकडे समाजशास्त्रज्ञांनी दीर्घकाळ परस्परावलंबनाच्या नजरेतून पाहिले. विल्यम वायझर या अमेरिकी मिशनऱ्याने उत्तर प्रदेशातील एका गावाच्या अभ्यासावरून 1936 मध्ये यजमानी पद्धतीवर ग्रंथ लिहिला आणि प्रत्येक जात दुसरीची सेवा करते व दुसरीकडून सेवा घेते, असे एक जवळजवळ समतोल चित्र त्यातून पुढे आले. पुढील पिढीतील अभ्यासकांनी या समतोलावर बोट ठेवले: जमीन ज्याच्या हातात असते तो सेवा थांबली तरी काही दिवस तग धरू शकतो, सेवा करणाऱ्याच्या घरातली चूल मात्र धान्य थांबले की त्याच आठवड्यात विझते. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी होते, म्हणून ती बरोबरीची ठरत नाही. जपानी इतिहासकार हिरोशी फुकाझावा यांनी अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रे वाचून आणखी एक महत्त्वाचा भेद दाखवला. उत्तरेतील यजमानी पद्धतीत सेवक ठरावीक कुटुंबांशी बांधलेला असे. मराठी मुलखातील बलुतेदार मात्र मुख्यतः अख्ख्या गावाचा सेवक होता आणि त्याचे वतन गावात होते. या फरकाचे परिणाम दूरगामी आहेत. एका यजमानाशी भांडण झाले तर दुसरा शोधता येतो. अख्खे गावच धनी असेल, तर भांडायचे कोणाशी आणि जायचे कोठे?

या व्यवस्थेला टिकाऊपणा देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे तिची पायऱ्यापायऱ्यांची घडण, जिला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वर एक धनी आणि खाली सगळे दास असे दोनच थर असते, तर खालच्यांना एकजूट करणे तुलनेने सोपे गेले असते. येथे मात्र तळाशी असलेल्यांतही वरखालीपणा होता आणि प्रत्येकाला राखण्यासारखे काहीतरी दिलेले होते. मेलेल्या जनावराच्या कातड्यावर हक्क कोणाचा, यावरून महार आणि चांभार यांच्यात ओढाताण होई. लग्नाच्या वरातीतील मानावरून महार आणि मांग यांच्यात तंटे होत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स टिली यांनी 1998 मधील आपल्या ग्रंथात दीर्घकाळ टिकणाऱ्या विषमतेचे एक कारण सांगितले आहे. एखादा गट आपल्या हाती आलेल्या छोट्याशा संधीभोवती कुंपण घालतो आणि दुसऱ्यांना तीत येऊ देत नाही. अशी असंख्य छोटी कुंपणे मिळून मोठी भिंत उभी राहते. गावगाड्यात सर्वांत उंच कुंपण पाटलाचे होते, पण सर्वांत खालचे कुंपणही कोणीतरी जिवापाड राखतच होते.

इंग्रजी अंमलात ही रचना मोडली असती, अशी अपेक्षा करणे साहजिक आहे. प्रत्यक्षात सरकारने तिला कायद्याच्या चौकटीत बसवले. मुंबई इलाख्यात 1874 मध्ये वंशपरंपरागत वतनांविषयीचा कायदा झाला आणि कनिष्ठ गावनोकरांची वतने त्याच्या कक्षेत आली. (वऱ्हाड आणि निजामी मुलखातली व्यवस्था निराळी होती, म्हणून येथील विवेचन मुख्यतः इलाख्यापुरते आहे.) या चौकटीत महार वतनदाराचा मोबदला तीन ठिकाणांहून येत होता: हाडोळा म्हणून ओळखली जाणारी इनाम जमीन, रयतेकडून मिळणारे बलुते, आणि काही ठिकाणी सरकारी तिजोरीतून मिळणारी अगदी किरकोळ रक्कम. इनाम जमिनीवर जुडी नावाचा सवलतीचा सारा होता. पिढीगणिक भाऊबंद वाढत गेले, जमिनीचे तुकडे होत गेले आणि काही ठिकाणी एकेकाच्या वाट्याला इतका लहान तुकडा आला, की त्यावर कुटुंब जगणे अशक्य झाले. कामाचे तुकडे मात्र होत नव्हते. पाळीवरचा माणूस हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्याला, भाऊबंदाला, वेळ पडली तर म्हाताऱ्यालाही पकडून आणून कामाला लावले जाई, आणि दिवस-रात्र असा भेद नव्हता.

सरकारच्या दृष्टीने हा सौदा फार स्वस्तातला होता. मामलेदारापासून तलाठ्यापर्यंत सर्वांना चोवीस तास राबणारा नोकरवर्ग मिळत होता आणि त्याच्या पगाराचा मोठा भाग रयत भरत होती. येथेच व्यवस्थेतील सर्वांत क्रूर गुंता होता. काम सरकारचे, पण बलुते रयतेच्या हातात. म्हणून महाराने स्वच्छ कपडे घातले, मुलगा शाळेत घातला किंवा मेलेले ढोर ओढण्यास नकार दिला, की रयत बलुते बंद करी, आणि बलुते बंद झाले तरी सरकारी राबणूक काही सुटत नसे. वतनी जोशाची गोष्ट याच्याशी ताडून पाहण्यासारखी आहे. यजमानाने दुसऱ्या भटाकडून लग्न लावून घेतले, तर गावच्या जोशाला आपल्या दक्षिणेसाठी कोर्टात जाता येत होते आणि एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी असे दावे मान्यही केले. सत्यशोधक पद्धतीने, भटाविना लग्ने लावण्याच्या चळवळीला ही अडचण पदोपदी जाणवली. जोशाचा हक्क त्याला दावेदार बनवत होता, महाराचा हक्क त्याला याचक बनवत होता. कायद्याच्या पुस्तकात दोन्ही वतनेच होती.

या चित्रातील बाया कागदपत्रांत फारशा दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याविषयी थोडे थांबून सांगणे भाग आहे. वतनाच्या नोंदीत नाव पुरुषाचे असे. वारसाहक्कातही 1886 च्या दुरुस्तीने वतनी मिळकतीत, विधवेचा अपवाद सोडता, स्त्रियांना पुरुष वारसांच्या मागे ढकलले. काम मात्र घर मिळून होत होते: पाटलाच्या वाड्यापुढचे झाडणे, सरपण फोडून आणणे, शेणामातीची कामे, पुष्कळदा भाकरी मागून आणणेही बाईच्या वाट्याला येई. एका माणसाच्या नावावरच्या मोबदल्यात अख्ख्या कुटुंबाचे श्रम घेतले जात होते, आणि दोघांच्या श्रमांपैकी एकाचीच नोंद होत होती. विषमतेच्या अभ्यासात कुटुंब हे एकक धरले की अशी गोष्ट हाती लागत नाही. ती घराच्या आत शिरल्यावरच दिसते.

वतनाला पहिला मोठा धक्का संस्थानातून बसला. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी 1918 मध्ये महार वतने खालसा करून त्या जमिनी रयताव्याने त्याच लोकांच्या नावे करण्याचा हुकूम काढला. म्हणजे धारकाने इतर शेतकऱ्यांप्रमाणे सारा भरावा आणि सेवेच्या बंधनातून मोकळे व्हावे. त्याच वर्षी कुलकर्णी वतनेही बरखास्त झाली. एका बाजूला जमीन कायम आणि दुसऱ्या बाजूला चाकरी बंद, ही सांगड महत्त्वाची होती, कारण नुसती चाकरी बंद केली असती तर माणूस उपाशी पडला असता आणि नुसती जमीन वाढवली असती तर तो बांधलेलाच राहिला असता.

डॉ. आंबेडकरांनी हीच सांगड ब्रिटिश मुलखासाठी मागितली. 1927 मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सदस्य झाले. त्याच वर्षी महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले, ज्यातून त्यांनी महार वतनाचा प्रश्नही सविस्तर मांडला. मार्च 1928 मध्ये त्यांनी 1874 च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक कायदेमंडळात आणले. ज्याला वतन सोडायचे असेल त्याने जमिनीचा पूर्ण सारा भरून ती आपल्याकडे ठेवावी आणि सेवेतून मुक्त व्हावे. जे सेवेत राहतील त्यांच्या बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर करून ती साऱ्याबरोबर वसूल व्हावी. आणि वतनदाराला कोणकोणत्या अंमलदारांनी कोणकोणत्या कामाला लावायचे, याला मर्यादा असाव्यात, असा त्याचा साधारण आशय होता. बलुते रोख करण्याच्या तरतुदीला विशेष महत्त्व होते. खळ्यावर किंवा अंगणाबाहेर उभे राहून घेतलेले धान्य आणि कचेरीतून सही करून घेतलेला पगार यांची किंमत समान धरली, तरी घेणारा माणूस दोन्ही ठिकाणी सारखा राहत नाही. पुरेसे पाठबळ न मिळाल्याने हे विधेयक 1929 मध्ये मागे घ्यावे लागले.

विरोध केवळ वरून आला असता, तर गोष्ट सोपी होती. वतन सोडण्याची कल्पना खुद्द वतनदारांतही अनेकांना पटत नव्हती. भाकरी शिळी असली तरी ती हक्काची होती; जमिनीचा तुकडा लहान असला तरी त्यामुळे गावात पाय ठेवायला जागा होती; वतन गेले की आपण गावाचे कोण, हा प्रश्न भीतीदायक होता. ज्यांना मुंबईच्या गिरणीत, गोदीत, रेल्वेत किंवा दारूगोळ्याच्या कारखान्यात काम मिळाले होते, त्यांना वतनाचा अपमान आधी जाणवला आणि सोडण्याची हिंमतही त्यांच्यात आधी आली. बॅरिंग्टन मूर या समाजशास्त्रज्ञाने 1978 मध्ये अन्यायावर लिहिलेल्या ग्रंथात हाच प्रश्न व्यापक पातळीवर हाताळला आहे. माणसे दुःख सोसतात म्हणून आपोआप बंड करीत नाहीत. सोसावे लागते ते अटळ नाही, ते कोणीतरी घडवलेले आहे आणि म्हणून बदलता येईल, ही जाणीव आधी व्हावी लागते. या दृष्टीने पाहिले तर आंबेडकरांच्या भाषणांचे आणि लेखांचे एक मोठे काम हेच होते की, ज्याला गाव रिवाज म्हणत होते त्याचा जमाखर्च त्यांनी मांडून दाखवला: किती तास काम, किती धान्य, कोण देतो, कोणाचा फायदा होतो. रिवाजाचा हिशेब मांडला की तो नशीब राहत नाही.

न्यायाच्या आधुनिक सिद्धान्तांना हे उदाहरण लावून पाहिले, तर त्यांची बलस्थाने आणि उणिवा दोन्ही दिसतात. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी 1971 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तात एक विचारप्रयोग आहे: आपण कोणत्या घरात, कोणत्या जातीत, कोणत्या अंगच्या गुणांनिशी जन्मणार हे ठाऊक नसताना समाजाचे नियम ठरवायचे झाले, तर माणसे कोणते नियम निवडतील? अज्ञानाच्या या पडद्याआड बसलेला कोणीही येसकराची पाळी असलेला गाव निवडणार नाही, हे उघड आहे. शिवाय रॉल्स यांनी प्रत्येकाला लागणाऱ्या मूलभूत गोष्टींत पैसा आणि संधी यांच्याबरोबर आत्मसन्मानाचा सामाजिक आधारही गणला होता. त्यामुळे भाकरीचा आकार वाढवून हा प्रश्न सुटला असता, असे त्यांच्या सिद्धान्तावरूनही म्हणता येत नाही.

मायकेल वॉल्झर यांची भूमिका याहून अवघड जागी नेते. न्याय हा त्या त्या समाजाने वस्तूंना दिलेल्या अर्थावर अवलंबून असतो, असे त्यांचे 1983 मधील ग्रंथातील प्रतिपादन आहे आणि तेथे त्यांनी भारतीय खेड्यातील जातवार धान्यवाटपाचेच उदाहरण विचारात घेतले आहे. सर्व गावकऱ्यांना ती वाटणी खरोखर मान्य असेल, तर बाहेरच्याने तिला अन्याय्य म्हणण्याला काय आधार उरतो, असा त्या विवेचनाचा रोख आहे. मान्यता खरी नसेल तर चित्र बदलते, हे वॉल्झरही नाकारत नाहीत. परंतु महार वतनाचा इतिहास या मांडणीच्या मुळालाच हात घालतो. मान्यता आहे की नाही, हे ओळखायचे कसे? जो माणूस नाही म्हणाला तर त्याचे धान्य, पाणी आणि वाट एकाच दिवशी बंद होऊ शकते, त्याच्या होकारावरून त्याला व्यवस्था पटलेली आहे, असा निष्कर्ष काढणे हे तत्त्वज्ञान म्हणून कितीही नेटके असले, तरी समाजशास्त्र म्हणून कच्चे आहे.

बहिष्काराचे हे हत्यार काल्पनिक नव्हते. अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने 1930 मधील आपल्या अहवालात त्याची दखल घेतली; आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते. ज्यांनी नेहमीचे रस्ते, पाणवठे, गायराने वापरण्याचा किंवा गावकीची कामे नाकारण्याचा प्रयत्न केला, त्यांना वाण्याने माल देणे बंद केले, शेतावरची मजुरी तोडली, जनावरांना चरणे बंद केले. मारहाणीविरुद्ध फौजदारी करता येत होती, पण मीठ न विकण्याविरुद्ध कोणते कलम लावणार? कायद्याच्या नजरेत तो दुकानदाराच्या मर्जीचा प्रश्न होता. शंभर माणसांची मर्जी एकाच सकाळी एकाच बाजूला झुकते तेव्हा तिला संस्था म्हणावे लागते, हे कायद्याला फार उशिरा समजले. अमेरिकेतील विचारवंत नॅन्सी फ्रेझर यांनी वाटपाचा न्याय आणि मान्यतेचा न्याय यांत केलेला भेद, म्हणजे साधनसंपत्तीची योग्य वाटणी आणि बरोबरीचा माणूस म्हणून वागवले जाणे यांतील भेद, अलीकडच्या चर्चेत फार गाजला. गावगाड्यात हे दोन्ही न्याय एकमेकांत इतके गुंतले होते की एकाला हात लावला की दुसरा हलत होता. फ्रेझर यांनाही दोन्हींची सांगडच अभिप्रेत आहे; 1928 च्या विधेयकाच्या कलमांत ती आधीच घातलेली सापडते.

पुढची तीस वर्षे हा प्रश्न रेंगाळला. इनाम जमिनींवरील जुडी वाढवण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध डिसेंबर 1939 मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे वतनदारांची मोठी परिषद आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली झाली. 26 जानेवारी 1950 रोजी संविधान अमलात आले. त्याच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि तेविसाव्याने बिगारीवर बंदी घातली. त्याच वर्षीच्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने रद्द होण्याचा मार्ग मोकळा झाला, म्हणजे लेखणीच्या वतनाचा निकाल आधी लागला आणि झाडूच्या वतनाला आणखी काही वर्षे थांबावे लागले. ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूरच्या धर्मांतरानंतर गावोगावच्या नवबौद्धांनी येसकरकी, मेलेली गुरे ओढणे आणि भाकरी मागणे ही कामे टाकून दिली. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा 1958 चा मुंबई कायदा 1 ऑगस्ट 1959 पासून लागू झाला. गावांनी पुष्कळ ठिकाणी ही वतने त्याआधीच संपलेली पाहिली होती. कायद्याने संपलेल्या गोष्टीवर शिक्का मारला.

या कायद्याने वतने सरकारजमा झाली आणि जमिनी, भोगवटामूल्य भरल्यावर, पूर्वीच्या धारकांना परत देण्याची सोय झाली. मात्र त्या नवीन आणि अविभाज्य शर्तीवर देण्यात आल्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्यांची विक्री किंवा वाटणी करता येत नव्हती. दुबळ्याच्या हातची जमीन सावकाराच्या घशात जाऊ नये, हा या अटीमागचा हेतू समजण्यासारखा आहे. पण तिच्यामुळे हे शेतकरी इतर शेतकऱ्यांपेक्षा वेगळेच राहिले: शेजारचा खातेदार आपली जमीन गहाण ठेवून विहीर पाडू शकत होता, हाडोळ्याच्या धारकाला त्यासाठी आधी कचेरीत अर्ज करावा लागत होता. शहरे वाढत गेली आणि एकेकाळी वेशीबाहेर म्हणून वाट्याला आलेल्या या जमिनी शहरालगतच्या मोक्याच्या जागा ठरल्या, तेव्हा या परवानगीभोवती सगळे अर्थकारण फिरू लागले. संरक्षण आणि पालकत्व यांतली रेषा कोठे आखायची, याचे समाधानकारक उत्तर महसूल खात्याला अजूनही सापडलेले दिसत नाही.

चाकरीची जागा कोतवालाने घेतली. दवंडी देणे, नोटिसा पोहोचवणे, तलाठ्याला मदत करणे, दप्तर नेणे-आणणे, ही कामे आता नेमणुकीने भरलेला, सरकारी मानधन घेणारा कोतवाल करू लागला. मानधन तुटपुंजे म्हणून आणि चतुर्थ श्रेणीचा दर्जा मिळावा म्हणून कोतवालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढले, निवेदने दिली, धरणी धरली. ती मागणी योग्यच होती. त्यांच्या कामाच्या यादीतल्या कित्येक बाबी जुन्या बावन्न हक्कांच्या शेजारी मांडल्या तर ओळखीच्या वाटतील. फरक असा की कोतवालाच्या जागेसाठी अर्ज करावा लागतो, ती त्याच्या मुलाकडे आपोआप जात नाही, आणि नको वाटली तर तहसीलदाराकडे राजीनामा देता येतो.